खालच्या गँगमधून घरी आणलेली खारी आणि हिरमुसलेली लेक

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रोडला विठ्ठलवाडीजवळ राहतो. घरात सासूबाई, नवरा, मी आणि चौथीतली नऊ वर्षांची लेक. यंदा पावसाच्या सुरुवातीला आमच्याच पार्किंगमधली एक भूभू आम्ही वर घरी आणली. पिल्लू नाही, वाढलेली आहे. डॉक्टर म्हणाले दीड-दोन वर्षांची असेल. रंग तांबूस, छातीवर पांढरा ठिपका, एका कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी आधीच झालेली. गेटवरचे वॉचमनकाका पहाटे चहाबरोबर खारी खातात आणि शेवटचा तुकडा हिला देतात, म्हणून लेकीने नाव ठेवलं खारी.

लेकीला कुत्रा हवा होता तो कळायला लागल्यापासून. अप्पा बळवंत चौकातून आणलेली, वाचनालयातून मिळालेली कुत्र्याची एकही गोष्ट तिने सोडलेली नाही. स्टेशनवर मालकाची वाट बघणारा, बर्फातून औषध पोचवणारा, पुरात उडी घेऊन मुलाला ओढून काढणारा, सगळे तिला तोंडपाठ. त्यामुळे खारी घरी आल्यावर काय काय होणार याचं चित्र तिच्या मनात पक्कं होतं. शाळेची व्हॅन आली की खारी गेटशी उभी, रात्री तिच्या पायाशी झोपलेली, आणि दोघींची गुपितं घरात तिसऱ्या कुणाला माहीत नाहीत.

खारी यातलं काही करत नाही. जेवणाच्या टेबलाखाली भिंतीला पाठ लावून बसते. आम्ही खोलीतून बाहेर पडलो की मगच भांड्याला तोंड लावते. खाली नेलं की तिच्या जिवात जीव येतो. तिथे तिची गँग आहे: काळ्या नावाचा एक थोराड कुत्रा, एक लंगडी म्हातारी कुत्री, आणि काका. काका दिसले की ती शेपटीपासून मानेपर्यंत अख्खी हलते. लेकीने मिठी मारली की मात्र ताठ होते, तोंड वळवते, ओठ चाटत राहते.

परवा व्हॅनमधून उतरल्यावर लेकीने हाक मारली. खारी काकांच्या चपलेवर हनुवटी टेकून पडली होती. डोळे उघडून बघितलं आणि परत मिटले. लेक काही न बोलता वर आली. रात्री म्हणाली, "आई, तिला मी आवडतच नाही. राहू दे तिला खालीच. आपण छोटं पिल्लू आणूया." सासूबाई खारीच्या बाजूने आहेत. "अगं, ते तिचं माहेर आहे, माहेरचं माणूस दिसल्यावर जीव नाही का धावत?" लेकीला ते पटलेलं नाही.

खारीला परत खाली सोडायचं नाही, यावर आम्ही तिघंही मोठे ठाम आहोत. पण लेकीचं मन मोडतंय ते बघवत नाही. तुमच्या मुलांच्या बाबतीत असं झालं होतं का? आणि रस्त्यावरचा कुत्रा जसा असतो तसाच दाखवणारी एखादी गोष्ट, खरी किंवा रचलेली, सुचवाल का? शिवाय नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी पहिला ठोका पडला की खारी थरथरायला लागते. त्याबद्दलही कुणाला माहिती असेल तर सांगा.

टेकडीवरचा

आमची तळजाईच्या पायथ्याची. वाढलेलीच आणली होती. दत्तक देणारी मंडळी तीन-तीन-तीन सांगतात: तीन दिवस बावरलेले, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने विश्वास बसायला. हा ढोबळ अंदाज आहे, आणि जी दोन पावसाळे उघड्यावर काढून आली आहे तिला आणखी वेळ लागू शकतो. आमच्या मुलाला आम्ही एकच काम दिलं होतं. संध्याकाळचं भांडं त्यानेच, त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात ठेवायचं आणि लगेच मागे सरायचं. हाक नाही, हात लावणं नाही. परीक्षा असो, पाहुणे असोत, भांडं त्याचंच. एके दिवशी त्याला क्लासहून यायला उशीर झाला, तर ती दाराकडे तोंड करून बसली होती. पोरगा हे अजून सगळ्यांना सांगतो.

दुसरं पिल्लू आत्ता अजिबात आणू नका. मुलीच्या मनात बसेल की जमलं नाही की बदलायचं.

सांजसकाळ

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका. माझ्या भाच्याला त्याच्या लाडक्या गल्लीतल्या कुत्र्यानेच चावलं होतं. झोपलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पडला, ते दचकलं आणि दात लागले. पोराने दोन दिवस घरात सांगितलं नाही. का, तर सांगितलं असतं तर मोठ्यांनी कुत्र्याला हाकललं असतं. बहिणीने आंघोळ घालताना दंडावरची जखम बघितली, म्हणून पुढचं सगळं वेळेत झालं.

कुत्र्यावर जीव असलेली मुलं हेच करतात. ओरखडा लपवतात, कुत्र्याला वाचवायला. म्हणून तुम्ही आजच लेकीला शब्द द्या, सासूबाई आणि नवऱ्यासमोर द्या: दात लागले, नख लागलं, तर लगेच सांगायचं, आणि सांगितलं म्हणून खारीला कुणी बाहेर काढणार नाही. हा शब्द मोठ्यांनी पाळायचा आहे.

जखम झालीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं फार लांब असतात. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. थेट डॉक्टरकडे, आणि लशीचे जेवढे डोस सांगतील तेवढे सगळे पूर्ण. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर मिळाली तर तो टाळता येतो.

तुम्ही खरी गोष्ट मागितलीत ना? जोसेफ मायस्टरची सांगा. तेव्हा जर्मनीत असलेल्या आल्झासचा मुलगा, तुमच्या लेकीएवढाच, नऊ वर्षांचा. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला बऱ्याच ठिकाणी चावलं होतं. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी लस तोवर कुत्र्यांवर तपासली होती. ६ जुलै १८८५ ला त्या मुलाला पहिली टोचणी दिली. तो वाचला. मोठा झाल्यावर पाश्चर यांच्याच संस्थेत रखवालदार म्हणून राहिला. माझ्या भाच्याला दवाखान्यात प्रत्येक डोसच्या वेळी हीच गोष्ट हवी असायची. सुई टोचेपर्यंत मी आल्झासहून पॅरिसला पोचलेली असायचे.

शनिवारातली आजी

मुठाकाठ, मी पेठेतल्या एका मराठी शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला. कुत्र्यांच्या पुस्तकांना कायम मागणी असायची, आणि पुस्तक हातात घेतल्यावर मुलं एकच विचारायची: "बाई, शेवटी मरतो का?" काही जण हो म्हटलं की पुस्तक परत ठेवायचे. काही जण तेच पुस्तक घ्यायचे, आणि शेवटची पानं कपाटाआड भिंतीकडे तोंड करून वाचायचे. मी या प्रश्नाचं उत्तर नेहमी खरं दिलं.

तुमच्या लेकीचा प्रश्न मला त्याहून अवघड वाटतो. कुत्रा जिवंत आहे, घरात आहे, आणि तरी माझा होत नाही. छापील गोष्टींत हे दुःख फारसं येत नाही. तिथे कुत्रा दुसऱ्या पानावर भेटतो आणि चौथ्या पानावर मुलाच्या पायाशी झोपतो, कारण पुढे पुराचा प्रसंग वाट बघत असतो. खारीला कुठल्याही प्रसंगाकडे पोचायचं नाही.

म्हणून मी तिला आपल्या घरातल्या जुन्या गोष्टी सांगेन. त्यांतले कुत्रे कुणाच्या मालकीचे नसतात. नामदेवांचीच घ्या. कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. ऐकताना मुलांचं सगळं लक्ष नामदेवांकडे असतं. लेकीला कुत्र्याकडे बघायला सांगा. ते थांबत नाही. मागे वळत नाही, शेपटी हलवत नाही, ओळख दाखवत नाही. त्याला आजवर मागे धावणारा प्रत्येक माणूस मारायलाच आलेला आहे. मी वर्गात गोष्ट इथे थांबवायचे आणि विचारायचे, कुत्र्याला काय वाटलं असेल? एकदा नदीकाठच्या वस्तीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ते अजून पळतंय." वर्ग हसला, पण त्याने ते मनापासून सांगितलं होतं. अशी कुत्री तो रोज बघत होता. तुमच्या टेबलाखाली तसंच एक बसलंय, आणि वाटी तुमच्या लेकीच्या हातात आहे.

मग सरमेची सांगा. महाभारत कुत्र्यापाशी संपतं हे सगळ्यांना माहीत असतं. युधिष्ठिर त्याला सोडून रथात चढायला नकार देतो, आणि तो कुत्रा धर्म निघतो. पण आदिपर्वाच्या सुरुवातीलाही एक कुत्रा आहे, अगदी लहान पिल्लू. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचं सत्र, म्हणजे लांबलचक यज्ञ, चाललेलं असतं. सरमा ही देवांची कुत्री, तिचं पिल्लू तिथे येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई आधी विचारते, तू काहीतरी केलं असशील. ते म्हणतं, मी काहीच केलं नाही, यज्ञात अर्पण करायच्या हविर्द्रव्याकडे बघितलंही नाही, चाटलंही नाही. मग सरमा थेट यज्ञमंडपात जाते आणि राजाला जाब विचारते. उत्तर द्यायला कुणाकडे काही नसतं. ती सांगते, निरपराधाला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. आणि एवढा मोठा राजा घाबरतो, शांत करणारा पुरोहित शोधत फिरतो. एवढ्या थोरल्या ग्रंथाच्या दारातच मार खाल्लेलं पिल्लू आणि त्याच्यासाठी भांडणारी आई उभी आहे, हे मला दर वेळी हलवून जातं. खारीने पार्किंगमध्ये किती लाथा खाल्ल्या असतील याचा विचार लेकीला ही गोष्ट ऐकल्यावर आपोआप सुचेल. तुम्ही सुचवू नका.

मोठ्या मुलांना मी लायकाची सांगायचे. ती मॉस्कोच्या रस्त्यावरची. थंडी आणि भूक सोसलेली जनावरं टिकाव धरतील म्हणून तशी कुत्री निवडली होती. ३ नोव्हेंबर १९५७ ला तिला स्पुटनिक-२ या सोव्हिएत यानातून अंतराळात पाठवलं. परत आणायची सोयच केलेली नव्हती. ती काही तासांतच उष्णतेने गेली, हे जगाला कळलं २००२ मध्ये. नऊ वर्षांच्या मुलीला ही सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण सांगितलीत तर बेल्का आणि स्ट्रेल्काचीही सांगा. त्याही रस्त्यावरच्याच. ऑगस्ट १९६० मध्ये पृथ्वीभोवती फिरून दोघी जिवंत परत आल्या. पुढे स्ट्रेल्काला सहा पिल्लं झाली. त्यातली पुशिंका सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी भेट पाठवली. त्या अध्यक्षांची, केनेडींची मुलगी कॅरोलाइन तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या खेळघराची शिडी चढून घसरगुंडीवरून खाली यायला पुशिंका शिकली होती, पण तिला ते शिकवलं तिथल्या कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या माणसाने. इथे मला तुमच्या वॉचमनकाकांची आठवण झाली.

काकांवर लेकीला रुसू देऊ नका. खारी त्यांच्यासाठी अख्खी हलते, म्हणजे तिला माणसावर जीव लावता येतो. रस्त्यावरच्या कितीतरी कुत्र्यांना ते कधीच जमत नाही. ते काकांनी शिकवलं. लेकीच्या हातात एक शंभरपानी वही द्या आणि खारीचं चरित्र लिहायला सांगा. कुठे जन्मली, कोण कोण भावंडं, नाव पडण्याआधी तिला काय म्हणायचे, कशाला घाबरते. हे घरात कुणालाच ठाऊक नसणार. काकांना विचारावं लागेल, इस्त्रीवाल्यांना, दूधवाल्यांना विचारावं लागेल. नऊ वर्षांची मुलं फार चांगली चौकशी करतात, आणि त्यांना मोठी माणसं खरं सांगतात.

आणि एक. रोज पंधरा-वीस मिनिटं लेकीने टेबलापासून थोडं लांब, खारीकडे पाठ किंवा बाजू करून बसावं आणि मोठ्याने वाचावं. सॉल्ट लेक सिटीत १९९९ पासून मुलांना शिकवलेल्या कुत्र्यांशेजारी बसून वाचायला देण्याचा उपक्रम सुरू झाला, तो पुढे खूप ठिकाणी गेला. तिथे हेतू मुलांच्या वाचनाचा होता. तुमच्याकडे फायदा खारीला होईल. एकसुरी आवाज, न बघणारे डोळे, न येणारा हात. पानं उलटल्याचा आवाज तिला हळूहळू ओळखीचा होईल.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सांजसकाळ, तुमचा निरोप वाचला त्याच रात्री आम्ही तिघांनी बसून लेकीला शब्द दिला. तिने लगेच मनगटावरचा एक जुना ओरखडा दाखवला. तो शाळेतल्या बाकाचा निघाला, पण ती आधी इतकी घाबरून बघत होती की माझ्या पोटात गोळा आला. असं बोलणं आधीच व्हायला हवं असतं, हे सगळ्या पालकांना सांगावंसं वाटतं.

आजी, वही सुरू झाली. काकांची चार पानं झाली आहेत. खारी मीटररूमच्या मागे पावसात जन्मली. पाच पिल्लं होती, त्यातली दोन जगली, खारी आणि काळ्या. आणि ती लंगडी म्हातारी त्यांची आई आहे. इतके महिने आम्ही तिला रोज बघतोय, आम्हाला माहीत नव्हतं. खारी पिल्लू असताना एका दुचाकीसमोर गेली होती, तेव्हा म्हातारी मध्ये आली आणि तिचा पाय गेला, असं काका म्हणतात. लेकीने ते वाक्य लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. सरमेची गोष्ट तिने आजीकडून, म्हणजे सासूबाईंकडून, तीनदा ऐकली.

आता ती पिल्लाचं नाव काढत नाही. म्हणते, खारीच्या आईलाही वर आणूया. आमचा फ्लॅट लहान आहे, आणि म्हातारी कुणालाच हात लावू देत नाही. काय करावं? आणि ढोलांचं कुणी सांगितलं नाही.

कानटोक

मी पशुवैद्य आहे, हडपसरच्या बाजूला दवाखाना आहे. सगळं वाचून काढलं.

म्हातारीला वर आणू नका. आयुष्यभर मोकळ्यावर राहिलेल्या, स्पर्श न आवडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीला बंद दार ही शिक्षा वाटेल. तिची सोय खालीच नीट करता येते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीने भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा ठरवून द्यायची तरतूद आहे: जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब, आणि मुलं-वृद्ध कमी वावरतात अशा वेळी. काका गेटवर खाऊ देतात ते प्रेमाने देतात, पण गेट ही चांगली जागा नाही. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी कुत्र्यांची खटापट होते आणि तक्रार झाली की भोगतात कुत्रीच. मीटररूमच्या मागची जागा कमिटीकडून लेखी मागून घ्या. म्हातारीचं कानटोक कापलेलं आहे का, ते काकांना बघायला सांगा. असेल तर नसबंदीच्या वेळी रेबीजची लस मिळालेली असते, पण ती दर वर्षी परत द्यावी लागते. तिघांनाही द्या. खारीचा लशीचा दाखला जपून ठेवा, महापालिकेच्या परवान्याला लागतो.

खारीबिस्कीट बंद करा, तूप-मीठ दोन्ही जास्त. उकडलेलं अंडं, भात, साधं दही चालेल. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा तिच्या जवळपासही नको. लेकीचा खाऊचा डबा वर ठेवा.

आता मिठीबद्दल. तुम्ही पहिल्याच निरोपात ताठ होणं, तोंड वळवणं, ओठ चाटणं असं लिहिलंय. खारी तेव्हा स्पष्ट सांगतेय की हे नको. यानंतरच्या पायऱ्या म्हणजे डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, गुरगुरणं, आणि शेवटी दात. गोष्टींत आणि चित्रांत मुलं कुत्र्याच्या गळ्यात हात टाकतात, पण बहुतेक कुत्र्यांना वरून आलेला हात आणि गळ्याभोवतीची पकड म्हणजे अडकवणं वाटतं. लेकीला असं शिकवा: खारी स्वतः जवळ आली तरच छातीवर किंवा खांद्याला खाजवायचं, तीन-चार सेकंदांनी हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. ती अंग टेकवेल, हाताखाली मान घालेल, तर पुढे. निघून गेली तर जाऊ द्यायचं. झोपलेली, खात असलेली असताना हातच लावायचा नाही. माझ्याकडे येणारी मुलं हे दोन दिवसांत शिकतात आणि मग घरातल्या मोठ्यांना टोकतात.

ढोल. कुत्र्यांची श्रवणशक्ती आपल्यापेक्षा तीक्ष्ण, आणि ढोलाचा ठोका जमिनीतून अंगाला जाणवतो तो वेगळाच. नदीपासून सगळ्यात लांबची, आतली खोली निवडा. खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा पूर्ण वेगात, तानपुरा किंवा टीव्हीचा एकसारखा आवाज. टेबलावर चादर टाकून तिची जागा तिन्ही बाजूंनी झाका, एक बाजू उघडी ठेवा. सवय व्हावी म्हणून बाल्कनीत किंवा पात्राकडे नेऊ नका, भीती वाढते. ती जवळ येऊन बसली तर बसू द्या, जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. लेकीचं वाचन सरावाच्या वेळेला हलवा, सुरू होण्याच्या आधीपासून. विसर्जनाच्या आधी एकदा जवळच्या पशुवैद्याला दाखवा. काहींना सौम्य औषध द्यावं लागतं, माणसांची झोपेची गोळी कधीच नाही.

घाबरलेली कुत्री दार उघडं दिसलं की सुटतात आणि अनोळखी भागात हरवतात. सणाच्या दिवसांत दिवेलागणीच्या आत फिरवून आणा, पट्टा आणि हार्नेस दोन्ही बांधून. पट्ट्यावर तुमचा आणि काकांचा, दोघांचेही फोन नंबर कोरून घ्या. सुटलीच तर ती आधी मीटररूमकडे जाईल, तेव्हा काकांना आजच सांगून ठेवा.